लाखोळी तिच्या नावाने विकू द्या

मा. अध्यक्ष, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली, यांचे सेवेशी,



आश्विन सरता सरता वैनगंगेच्या खोऱ्यातले धान पिवळे पडू लागले आणि बांधीतले पाणी ओसरून खाली नुसता चिखल उरला, म्हणजे आमच्याकडचा शेतकरी उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकून मोकळा होतो. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून खळ्यावर गेले की त्याच्या धसकटांमधून ही नाजूक वेल डोके वर काढते, जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दहिवरावर वाढते, निळ्या-पांढऱ्या फुलांनी भरते, आणि फाल्गुनापर्यंत, जेथे दुसरे कोणतेही कडधान्य तगले नसते अशा बांधीतून, घरच्या माणसांपुरती डाळ पदरात टाकते. या पेरणीला उतेरा म्हणतात. कोणी या डाळीला लाख म्हणतात, छत्तीसगडात तिला तिवडा म्हणतात, हिंदी मुलखात खेसारी. सरकारी दप्तरात ती केसरी डाळ या नावाने नोंदलेली आहे, आणि ज्यांच्या विक्रीस मनाई करता येते अशा जिनसांत तिची गणना होते. त्या नोंदीसंबंधी हे पत्र आहे.

मी या डाळीवर वाढलो. आमच्या घरी ती आठवड्यातून एकदोनदा शिजे, आणि ती शिजविण्याची माझ्या आजीची एक ठरलेली रीत होती, जिच्यात तिने कोणालाही, अगदी नव्या सुनेलासुद्धा, कधी सूट दिली नाही. आदल्या रात्री डाळीवर आधणाचे पाणी ओतून ती झाकून ठेवायची, सकाळी ते पाणी उकिरड्यावर फेकायचे, पुन्हा दोन पाण्यांनी डाळ धुवायची, आणि मग नव्या पाण्यात ती शिजवून, चिंच आणि लसूण-मिरची घालून, भाताबरोबर वाढायची. ते पहिले पाणी गाईच्या घमेल्यात ओतलेले तिला खपत नसे. असे का, हे विचारले तर एवढेच उत्तर मिळे, की त्या पाण्यात पाय धरणारे काही असते. पुढे कॉलेजात गेल्यावर मी वाचले, की या दाण्यात एक विशिष्ट अमिनो आम्ल असते, ते चेतासंस्थेस घातक असते, आणि ते पाण्यात विरघळते. १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अदिग आणि सर्मा या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढून त्याची रचना प्रसिद्ध केली. तो मजकूर वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आजीचे ते झाकलेले पातेले उभे राहिले, आणि अक्षरशत्रू म्हणून जिची आम्ही नातवंडे कधीकधी थट्टा करीत असू तिच्याविषयी मनात जी शरम दाटून आली, ती अजून गेलेली नाही.

परंतु येथेच मला एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे, नाही तर हे पत्र कोणा उत्साही माणसाने आपल्या प्रांताच्या अभिमानापोटी लिहिलेले आहे असा आपला समज व्हायचा. लाखोळी निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. आपल्या वैद्यकाला हा विकार फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुताने वातव्याधींत ज्या कलायखंजाचे वर्णन केले आहे, ज्यात चालू लागताच मनुष्य थरथरतो आणि त्याचे सांधे सुटल्यासारखे होतात, तो हाच असे मानले जाते. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव आपल्याकडे परिचित आहे त्या विल्यम स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सागरकडच्या मुलखातील एका गावची हकीकत दिली आहे: १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पावसाने ओढ दिली, १८३१ साली पिकावर रोग पडला, आणि या तिन्ही वर्षी शेतात आपोआप उगवलेली तिवडी तेवढी लोकांच्या हाती लागली, ती खाऊन लोक जगले खरे, परंतु १८३३ पासून गावोगावच्या तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. तिन्ही वर्षांचा तो क्रम मुद्दाम ध्यानात घ्यावा, कारण या रोगाचा जेथे जेथे इतिहास लिहिला गेला आहे तेथे तेथे तो याच क्रमाने येतो. आधी पीक बुडते, मग पोटात जाणारे बाकीचे सारे हळूहळू नाहीसे होते, आणि शेवटी ताटात ही एकच वस्तू उरते. आहाराचा मोठा भाग, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, सतत तीनचार महिने याच डाळीचा असला म्हणजे पाय जातात.

ते कसे जातात हे मी पाहिले आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात एका सहाध्यायाच्या लग्नासाठी मी रेव्याकडे गेलो असता, गावाबाहेरच्या विहिरीपाशी चाळिशीचा एक गडी बसलेला मला दिसला. छाती रुंद, दंड भरलेले, बोलणे नेटके. तहान लागली म्हणून मी थांबलो तर त्यानेच बसल्या जागेवरून पोहरा ओढून मला पाणी पाजले, आणि मग दोन्ही हातांत काठ्या घेऊन तो उठला तेव्हा त्याचे पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून आडवे जाताना पाहून मी गोठल्यासारखा उभा राहिलो. तो सालाने एका जमीनदाराकडे होता. त्या भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून खेसारी मोजून देण्याचा रिवाज होता, आणि त्याच्या बापालाही तीच मिळत असे. एका हिवाळी सकाळी शेतातून परतताना पोटऱ्या जड झाल्या, आणि त्यानंतर त्या कधी हलक्या झाल्या नाहीत. हा रोग मारीत नाही. बुद्धीला धक्का लावीत नाही. वाढतही नाही आणि मागेही हटत नाही. मनुष्य आपले उरलेले सारे आयुष्य, धडधाकट हातांनी आणि स्वच्छ बुद्धीने, एका काठीवर, दोन काठ्यांवर किंवा जमिनीवर सरपटत काढतो. ही डाळ का खाल्लीत, असे मी त्याला विचारले. तो प्रश्न मी विचारायला नको होता हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहताच मला कळले, कारण निवड करण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता.

या एका माणसामुळे माझे मत बनले, आणि पुढे जे जे वाचनात आले त्याने ते अधिक पक्के झाले. १८११-१२ साली माद्रिदला दुष्काळ पडला असता याच दाण्याच्या पिठाच्या कण्हेरीवर लोक कसे तगून होते याचे गोया या चित्रकाराने चित्र काढले आहे, त्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू बंद्यांना महिनोन्महिने हाच दाणा उकडून खायला घातला गेला आणि शेकडो माणसे पांगळी झाली. त्यांच्यातच बंदिवान असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला, आणि बंद्यांनी ते अन्न नाकारले. रेव्याचा मजूर, माद्रिदची बाई आणि छावणीतले बंदी यांच्यात समान काय आहे, तर दाणा समान आहे हे खरे. पण त्याहून अधिक ठळकपणे समान आहे ते हे, की दुसऱ्या कोणाच्या तरी सत्तेने त्यांच्यापुढे तो दाणा ठेवला होता आणि त्याखेरीज दुसरे काही ठेवले नव्हते. आमच्या घरी, भात, भाजी, ताक असलेल्या ताटात, आठवड्यातून एकदोनदा आलेल्या त्याच दाण्याने तीन पिढ्यांत कोणाचा पाय अडखळला नाही. इथिओपियात या रोगाचा जो अभ्यास झाला त्यातही असेच दिसून आले, की ज्या घरांत या डाळीबरोबर धान्य मिसळून खाल्ले जाई तेथे धोका पुष्कळ कमी होता.

आता आपल्या कायद्याकडे वळतो. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४ चा. त्याखालील नियमांत या डाळीच्या विक्रीस मनाई करण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला, आणि १९६१ पासून ती मनाई बहुतेक राज्यांत अमलात आली. ज्यांनी ती घातली त्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. रेवा-सतना भागात हजारो माणसे पांगळी झालेली ज्यांनी पाहिली त्या डॉक्टरांनी आणि अंमलदारांनी दुसरे काय करावे अशी आपण अपेक्षा करणार? पण मनाईचे स्वरूप पाहा. लागवडीस बंदी नाही. पेरा, कापा, कोठीत भरा, स्वतः खा, काही हरकत नाही. विकणे, विकण्यासाठी मांडणे, विकण्यासाठी जवळ बाळगणे, दुसऱ्या पदार्थात घटक म्हणून घालणे, हे मात्र सारेच एका ओळीत निषिद्ध. जो दुकानदार पाटी लावून लाखोळी म्हणूनच लाखोळी विकतो तो, आणि जो ती तुरीच्या डाळीत मिसळून तुरीच्या भावाने विकतो किंवा दळून चण्याच्या बेसनात घालतो तो, हे दोघे कायद्याच्या नजरेत एकाच पायरीवर उभे राहिले. माझ्या मते सगळे अनर्थ या एका गोष्टीतून निघाले.

कारण पीक तर दरसाल येतच राहिले. उतेऱ्याच्या ओलीवर फुकटात येणारी, प्रथिनांनी समृद्ध आणि बाजारात सर्वांत स्वस्त अशी ही डाळ, तिला उघड गिऱ्हाईक नाही म्हणून काही शेतकऱ्याने जाळून टाकली नाही. ती मातीमोल भावाने व्यापाऱ्याकडे गेली, आणि व्यापाऱ्याकडून, नाव पुसून, लोकांच्या पोटात गेली. माझ्या एका शेजाऱ्याच्या घरी काही वर्षांपूर्वी सणासाठी आणलेल्या सुट्या बेसनाचा रंग जरा उजळ दिसला, म्हणून मी शाळेच्या प्रयोगशाळेतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणून, त्यात थोडे पीठ घालून, ते उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे धरले, तर पिठाला गुलाबी छटा आली. केसरीच्या भेसळीची ही साधी कसोटी प्राधिकरणाच्याच माहितीपत्रकांत दिलेली असते. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या दुकानदारालाही ते पीठ कोठून आले हे बहुधा ठाऊक नसावे. परंतु त्या घरात एक गरोदर सून होती, एक म्हातारा होता, आणि ते दोघे काय खात आहेत हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. माझ्या आजीजवळ झाकून ठेवण्याचे पातेले होते आणि फेकण्याचे पाणी होते, कारण आपण लाखोळी शिजवीत आहोत हे तिला माहीत होते. बेसन समजून लाखोळी तळणाऱ्या बाईजवळ तेवढीही साधने उरली नाहीत. मनाईने तिच्याकडून डाळ घेतली नाही, डाळीविषयीचे ज्ञान घेतले.

सकस आहाराविषयी बोलताना हल्ली निवडीचे स्वातंत्र्य हा शब्द सारखा कानावर येतो, आणि तो उच्चारणारे पुष्कळदा असे गृहीत धरतात, की सरकार बाजूला झाले म्हणजे निवड आपोआप निर्माण होते. मला तसे वाटत नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरील बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे चळवळ केली, उपोषणे केली. त्यांच्याच संस्थेने आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरील बंदीलाही आव्हान दिले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना नियम कायद्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरविला. त्यांच्या चिकाटीचा मला आदर आहे, तरी मिठाच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा नाही. आयोडीनयुक्त मिठाच्या पिशवीवर ते तसे आहे हे छापलेले असते, ते घेणाऱ्याचे त्यात नुकसान नाही, आणि ज्या डोंगराळ मुलखात गलगंडाने पिढ्या खुंटल्या तेथल्या पोराला आपला आहार निवडण्याची अक्कल येण्यापूर्वीच आयोडीनची गरज असते. तेव्हा अन्नाच्या बाबतीत राज्यसंस्थेने हात घालूच नये, असे म्हणणाऱ्यांत माझी गणना करू नये. उलट लाखोळीच्या बाबतीत सरकारने जेथे हात घालायला हवा होता तेथे तो घातला नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

महाराष्ट्राने ही बंदी पुढे उठविली. इतर काही राज्यांत ती कायम राहिली. पश्चिम बंगालात डाळ उघड विकली जाते. एकाच देशात, एकाच दाण्याविषयी, नदी ओलांडली की गुन्हा आणि परत आले की व्यवहार, अशी ही अवस्था आहे. मध्यंतरी शास्त्रज्ञांनी आपले काम केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे वाण काढले, ज्यांत त्या घातक द्रव्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आतबाहेर असते, म्हणजे गावठी दाण्याच्या मानाने कितीतरी कमी. २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे या वाणांना अनुकूल मत प्रसिद्ध झाले तेव्हा एका बाजूने जल्लोष झाला, दुसऱ्या बाजूने हाहाकार, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला काय करावे हे कोणी सांगितले नाही. हे वाण चांगले आहेत; पण त्यांच्यावर सारा भार टाकू नये, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे. मधमाशी बांध ओळखीत नाही. शेजारच्या गावठी लाखोळीचा पराग नव्या वाणावर बसला की चारदोन हंगामांत बियाणे भ्रष्ट होते. शिवाय जमिनीला ताण पडला म्हणजे दाण्यातील विष वाढते, असे दिसून आले आहे. म्हणजे ज्या वर्षी पाऊस दगा देईल आणि गरिबाचे ताट या डाळीवर येऊन ठेपेल, नेमक्या त्याच वर्षी ती अधिक घातक असेल.

म्हणून माझे मागणे असे आहे. लाखोळी लाखोळी म्हणून विकण्यास देशभर एकसारखी मुभा द्यावी, आणि तिच्या प्रत्येक पिशवीवर, पोत्यावर, दुकानातल्या पाटीवर तिचे नाव त्या त्या प्रांताच्या बोलीत ठळक लिहिणे सक्तीचे करावे. लाखोळी, तिवडा, खेसारी, जेथे जे नाव चालते ते. ‘केसरी डाळ’ हे दप्तरातले नाव आमच्या बाजारात कोणी ओळखत नाही. त्याच पिशवीवर माझ्या आजीची रीत छापावी: गरम पाण्यात भिजत घाला, ते पाणी टाकून द्या, भात-भाकरीबरोबर खा, रोज खाऊ नका. आणि दुसऱ्या डाळीत किंवा बेसनात ती लपवून घालणाऱ्यावर कायद्याचा सारा कठोरपणा खर्च करावा, जो आजवर पाटी लावणाऱ्यावर आणि लपविणाऱ्यावर सारखाच वाटला गेला. नमुना तपासण्याची सोय तालुक्याच्या बाजार समितीपर्यंत यावी, कारण आज लाखांदूरच्या शेतकऱ्याला आपल्या पोत्यातले विष किती हे जाणण्याचा मार्गच नाही, आणि जो आपल्या मालाची प्रत जाणत नाही तो व्यापारी म्हणेल त्या भावाला मान तुकवितो.

दुसरी गोष्ट आपल्या एकट्याच्या अखत्यारीतील नाही, तरी ती आपणच सरकारच्या कानी घालावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्या हक्कात तांदूळ आहे, गहू आहे, भरड धान्य आहे, डाळ नाही. शिधापत्रिकेवरचा भात घरी आणल्यावर त्याच्याबरोबर काय खायचे हा प्रश्न बाजारावर सोडला आहे, आणि बाजारात ज्या डाळीचा भाव सर्वांत कमी तीच गरिबाच्या घरी जाते. दुष्काळाच्या वर्षी तुरीची, चण्याची, मुगाची डाळ स्वस्त धान्य दुकानात मिळण्याची तजवीज पीक बुडाल्याचे कळताच झाली, तर लाखोळी ताटाच्या कोपऱ्यात, जेथे ती आमच्या घरी असे, तेथेच राहील. ही तजवीज न करता नुसती बंदी उठविली, आणि उद्या कोठे एखाद्या गावात चार तरुणांच्या पोटऱ्या जड झाल्या, तर लोक पुन्हा दाण्याला दोष देतील, पुन्हा बंदी येईल, आणि पुन्हा लाखोळी बेसनात लपेल.

रेव्याच्या त्या गड्याने मला पाणी पाजले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि त्याला देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. निघताना त्याने विचारले होते, की तुमच्या मुलखातही हीच डाळ होते का, होते म्हणालो, मग तुमचे लोक चालतात कसे, असे त्याने विचारले. मी त्याला पातेल्याविषयी सांगितले, झाकण्याविषयी, पहिले पाणी फेकण्याविषयी सांगितले, आणि आमच्या घरी तिच्याबरोबर भात असतो हेही सांगितले. त्याने सारे नीट ऐकून घेतले, आणि भात या शब्दाशी येऊन तो थांबला.

कळावे.

आपला नम्र,
भंडारा जिल्ह्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक